दुसरा व्यास

माणसाने शक्यतो चौकोनी वस्तूंशीच संबंध ठेवावा, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. चौकोनी वस्तू फुटली तर तिच्या जागी दुसरी चौकोनी वस्तू बसते, आणि त्यासाठी कोणी विशेष सर्वसाधारण सभा बोलावत नाही. गोल वस्तूचं तसं नाही. आणि हे कळायला ज्याला इतकी वर्षं लागली तो मुलुंडच्या एका हायस्कुलात बावीस वर्षं भूमिती शिकवतो, ही गोष्ट कृपा करून माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर घालू नये.

झालं असं, की शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गच्चीवरून आकाशकंदिलाचा बांबू खाली आणत होतो. बांबू दहा फुटी, आमचा जिना वळणाचा. अशा वेळी बांबूच्या दोन्ही टोकांचा विचार एकदम करावा लागतो. मी पुढच्या टोकाचा करत होतो. मागच्या टोकाने दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची गोल खिडकी गाठली आणि तिची काच खळ्ळकन खाली आली.

"कोण रे तो?" असं ओरडत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर तिसऱ्या मजल्यावरून धावत आले. चेंडू खेळणाऱ्या पोरांपैकी कोणी हाती लागेल या आशेने आले होते. बांबू धरून उभा असलेला मी दिसल्यावर त्यांची निराशा व्हायला हवी होती, पण उलट चेहरा खुलला.

"मास्तर, तुम्ही?"

"आठ दिवसांत नवी काच बसवून देतो," मी म्हणालो. "त्यात काय आहे एवढं? वर्तुळ आहे. त्रिज्या सांगितली की झालं."

हे वाक्य मी बारा बिऱ्हाडांच्या देखत बोललो. दारं तोवर सगळी उघडली होती.

आमची इमारत, म्हणजे नवयुग सोसायटी, अडतीस साली बांधलेली. विमा कंपनीतल्या बारा कारकुनांनी एकत्र येऊन बांधली, त्यातले एक माझे आप्पा. त्या काळी मुलुंडला आजूबाजूला भातखाचरं आणि कौलारू घरं, आणि मध्ये ही आमची सपाट गच्चीची, कोपरे गोल केलेली, खिडक्यांवर पापण्यांसारखे लांबलचक सज्जे असलेली, वर झेंड्याची काठी लावलेली इमारत. लोक लांबून बघायला यायचे म्हणे. कुणीतरी म्हणालं, ही तर आगबोट आहे. तेव्हापासून आम्ही गच्चीला डेक म्हणतो. समुद्र इथून बराच लांब आहे, पण त्याचं कोणी मनावर घेतलं नाही.

जिन्याला प्रत्येक वळणावर एक, अशा तीन गोल खिडक्या. त्यातली पहिल्या मजल्यावरची बहात्तर साली शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीने झाकून टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेला एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउटसाठी काळा रंग फासला होता. लढाई चौदा दिवसांत संपली, पण रंग खरवडायचा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. राहिली दुसऱ्या मजल्यावरची. सकाळी आठच्या सुमाराला तिच्यातून ऊन येतं आणि आमच्या दारासमोरच्या फरशीवर उजेडाचं गोल पडतं. नवयुगमध्ये जन्मलेलं प्रत्येक पोर तेल लावून, न्हाऊ घालायच्या आधी, त्या कोवळ्या उन्हात निजवलेलं आहे. मीसुद्धा. नवं बाळ पहिल्यांदा तिथे आलं की आप्पा ऑफिसला निघता निघता खिशातून खडू काढायचे, वाकून उजेडाच्या कडेने रेघ ओढायचे आणि खाली तारीख टाकायचे. दुपारी जिना झाडला की रेघ जायची. आप्पा एकोणऐंशीत गेले, आणि रेघ काढायची पद्धतही गेली. मी वर्तुळ म्हणजे काय ते पाटीवर शिकायच्या आधी त्या रेघेवर शिकलो. उजेड जरा लांबट पडायचा, पण सूर्य तिरपा असतो म्हणून तसं दिसतं, हे मी पुढे इतरांनाही समजावून सांगत असे.

तर काच. मी टेप घेऊन स्टुलावर चढलो तेव्हा सुहासिनी, म्हणजे आमची ही, दारात परकराची नाडी ओवत उभी होती.

"अहो, टेप कशाला? वर्तमानपत्र लावा आणि कडेने बेतून घ्या. मी ब्लाउजचं घेते तसं. कागद दुकानात दिला की झालं."

"अगं, ब्लाउजला आकार नसतो म्हणून बेतावं लागतं. वर्तुळाला एक व्यास पुरतो."

"ब्लाउजला आकार नसतो?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

मी आडवा व्यास मोजला. सदतीस इंच. उभा मोजला नाही. वर्तुळाचे सर्व व्यास समान असतात, हे मी दरवर्षी जूनमध्ये साठ मुलांकडून एका सुरात म्हणून घेतो. मग दुसरा मोजणं म्हणजे स्वतःच्याच विषयावर अविश्वास दाखवणं. स्टेशनजवळच्या शिवदासशेठच्या काचेच्या दुकानात जाऊन मी एका कागदावर त्रिज्या लिहून दिली, साडेअठरा इंच, आणि खाली सही केली. सहीची गरज नव्हती.

"राउंड आहे ना नक्की?" शिवदासशेठनी विचारलं.

"मी भूमिती शिकवतो," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी दोन माणसं हातगाडीवरून, गोधडीत गुंडाळून काच घेऊन आली. तळमजल्यापासून लोक मागे मागे आले. काच उचलून खिडकीला लावली. उजवीकडे टेकली, डावीकडे टेकली, झकास. खाली टेकली. वर मात्र बोटभर बाहेर राहिली. दुकानच्या माणसाने तळव्याने हलकंसं दाबलं. मी म्हणालो, "अजून थोडं." त्याने अजून थोडं दाबलं आणि काचेचे तीन तुकडे झाले.

"काच मोठी कापली," मी जाहीर केलं. माझ्या आवाजात खात्री होती, ती मला अजून आठवते.

दुकानात भांडण झालं. शिवदासशेठनी शांतपणे माझाच कागद माझ्यासमोर धरला, मग तुकडे जुळवून टेप लावला. आडवा सदतीस, उभा सदतीस, तिरपा सदतीस.

"मास्तर, काच राउंड आहे. तुमची भिंत बघा."

असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं. भिंत बघा! माझ्या आप्पांनी बांधलेली भिंत!

इकडे खिडकीच्या भोकातून कबुतरं येऊ लागली. सल्ल्यांना तर ऊत आला. तळमजल्यावरून पत्रा ठोकायची सूचना आली, पहिल्या मजल्यावरून प्लास्टिकची. एका गृहस्थांनी खिडकीच नको असं सुचवलं, पण ते प्रत्येक गोष्टीला तसंच सुचवतात. शेवटी सोसायटीच्या मंडळाचा कॅरम बोर्ड मी खिडकीच्या दोन लोखंडी गजांना सुतळीने बांधून टाकला. चौकोनी बोर्ड गोल भोकावर. मधोमध झाकलं, कडेच्या चंद्रकोरींतून कबुतरं आत डोकावत. संध्याकाळी पोरं खेळायला बोर्ड मागायला येत, रात्री परत आणून देत. मी दुसऱ्या मजल्यावरचा कॅरम बोर्डाचा रखवालदार झालो.

त्यात सकाळी आठचं काम वाढलं. नंदकिशोरांची मुलगी शकू बाळंतपणाला माहेरी आलेली, ऑक्टोबरात तिला मुलगी झाली होती. नंदकिशोरांचं घर पश्चिमेचं, तिथे सकाळचं ऊन औषधालाही नाही. त्यांच्या पत्नी वनमालाबाई रोज आठाला बाळाला दुपट्यात घेऊन खाली यायच्या आणि आमची बेल वाजवायच्या.

"भावजी, बोर्ड काढा. पिल्लूचं ऊन जातंय."

मी बनियनवर बाहेर येऊन सुतळी सोडायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बांधायचा. हे आजोबा असलेल्या नंदकिशोरांना ठाऊक नव्हतं, कारण ते तेव्हा दाढी करत असत आणि दाढी करताना रेडिओवरच्या बातम्यांशिवाय कशाकडेही लक्ष देत नसत.

प्रश्न आता काचेचा राहिला नव्हता, माझ्या अब्रूचा झाला होता. शिवदासशेठला खोटं पाडायचं ठरवून मी शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास आणायचं मनात घेतलं. मुख्याध्यापकांनी लेखी अर्ज मागितला. अर्जात कारण लिहायचं होतं, मी 'घरगुती वर्तुळ' लिहिलं. शिपायाने जड वस्तूंच्या नोंदवहीत माझी सही घेतली आणि मी ते तीन फुटी लाकूड खांद्यावर टाकून भर बाजारातून घरी आलो. वाटेत माझ्या तीन विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. एकाने विचारलं, "सर, कोणाला मारायला चाललात?"

रविवारी सगळ्यांना बोलावून मी प्रयोग मांडला. अडचण अशी, की खिडकीचं केंद्र हवेत असतं, आणि हवेत कंपासचं टोक रोवता येत नाही. पण समोर कॅरम बोर्ड होता, आणि कॅरम बोर्डाच्या मध्यभागी देवाने आयतं केंद्र ठेवलेलं! मी बोर्ड बरोबर मध्यावर सरकवला, टोक त्या लाल ठिपक्यात रोवलं (त्यावरून पोरांनी पुढे दोन महिने माझ्याशी अबोला धरला) आणि खडू लावून हात फिरवला. डाव्या बाजूला खडू कडेला घासत गेला. वर आल्यावर तो खिडकीच्या बाहेर, गिलाव्यावर चढला आणि भिंतीवर सरळ चालू लागला. उजवीकडे उतरताना आणखी काहीतरी भलतंच केलं, तिथे कडा चेपलेली होती.

मी टेप काढला आणि उभा व्यास मोजला. साडेपस्तीस.

"मास्तर," नंदकिशोर म्हणाले, "हे तुमचं वर्तुळ आहे का बटाटा?"

लोक हसले. सुहासिनी हसली नाही. तिने फक्त आतून वर्तमानपत्र आणून माझ्या हातात दिलं. मी ते वाचायला आणलंय असं दाखवत घडी करून काखेत धरलं. मला फार लागलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर नोटीस लागली. विशेष सर्वसाधारण सभा, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. विषय: जिन्यातील तिन्ही गोल भोके विटांनी कायमची बुजवून, त्यात चौकोनी सिमेंटची जाळी बसवून, इमारतीस मॉडर्न लूक देणे.

नंदकिशोर काही वाईट माणूस नव्हेत. पाण्याच्या टाकीचा नळ सुटला तर मध्यरात्री उठून बंद करणारे आहेत. पण ठाण्याला त्यांच्या मेव्हण्याच्या नव्या सोसायटीत जाळ्या आणि ॲल्युमिनियम बघून आल्यापासून त्यांना आपली इमारत म्हातारी वाटू लागली होती. मला मात्र ती नोटीस वाचून आप्पांचीच आठवण आली. त्यांच्या खडूची जागा विटांनी बुजणार, आणि त्याचं निमित्त माझा बांबू. मला दोन रात्री धड झोप लागली नाही.

मी कायद्याचा आधार शोधायचं ठरवलं. इमारतीचा बाहेरचा चेहरा बदलायला परवानगी लागते, एवढं मला माहीत होतं. म्हणून अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी फार मदत केली. नुसतं ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी शोधून शोधून अडतीस सालचा मंजूर नकाशा बाहेर काढला.

"तुमच्या जिन्याच्या खिडक्या चौकोनी आहेत," ते म्हणाले.

"गोल आहेत हो. मी रोज बघतो."

"नकाशात चौकोनी आहेत. मग ही गोल कुठली?"

"तीच."

"आणि मग चौकोनी कुठे गेली?"

म्हणजे आमच्या तिन्ही खिडक्या अठ्ठेचाळीस वर्षं अनधिकृत होत्या. ज्या हत्याराने नंदकिशोरांना अडवायचं ते मीच त्यांच्या हातात देऊन आलो असतो. बाबू मनाने चांगले. म्हणाले, "नियमित करून घ्या, फॉर्म भरा, आर्किटेक्टची सही आणा." फॉर्मवर दोनच रकाने होते, लांबी आणि रुंदी. मी विचारलं, गोल असेल तर? ते म्हणाले, "व्यास लिहा ना." मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

आर्किटेक्ट मला एकच माहीत होती, जयंती. माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला भूमितीत काठावर पास झाली होती, आणि आता मुंबईच्या एका कॉलेजात इमारती शिकवते, यावरून आपल्या परीक्षापद्धतीविषयी काय ते समजावं. शनिवारी कॅमेरा घेऊन आली आणि फाटकातच थबकली.

"सर, तुम्ही इथे राहता? आणि मला कधी बोलला नाहीत?"

मग दोन तास ती इमारतीभोवती फिरली. सज्जे, गोल कोपरे, कठड्याचे तीन आडवे पाइप, झेंड्याची काठी, सगळ्याचे फोटो. आम्ही ज्याला वाळत घालायची सोय समजत होतो त्याला ती शैली म्हणत होती. तीसच्या दशकातली आधुनिक इमारत, आणि तीही मुलुंडला, अशी कुणी आजवर नीट पाहिलेलीच नाही, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे कायद्याने वाचवता येईल?" मी आशेने विचारलं.

"नाही सर. जोगेश्वरीच्या लेण्यांना कायदा आहे. तुमच्या जिन्याला नाही. पन्नास वर्षांच्या इमारतीला आपल्याकडे कोणी जुनी म्हणत नाही आणि नवीही म्हणत नाही." मग खिडकीपाशी येऊन, एक डोळा मिटून तिने बघितलं. "सर, हे वर्तुळ नाहीये."

"मला कल्पना आहे," मी म्हणालो.

रविवारी सभा भरली. खुर्च्या पायऱ्यांवर राहत नाहीत म्हणून लोक पायऱ्यांवरच बसले. वनमालाबाई बाळाला मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर. कॅरम बोर्ड काढून भिंतीला टेकवला होता, आणि खिडकीतून ऊन येत होतं. नंदकिशोरांनी जय्यत तयारी केली होती. भांडुपहून गवंडी बोलावला होता, म्हणजे सभा संपताच अंदाज घेऊन सोमवारी काम सुरू. गवंडी सहदेव नावाचे एक वाळके म्हातारे निघाले, डोक्याला मफलर, हातात थापी. ते कोपऱ्यात बसून राहिले.

जयंतीने भाषण केलं. मोठ्या आगबोटी, त्यांच्या गोल खिडक्या, ते रूप जगभरच्या वास्तुकारांनी कसं उचललं, ते मुलुंडपर्यंत कसं आलं. लोकांनी मान डोलावली. आपण एवढी वर्षं जहाजात राहत होतो ही भावना सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसरली. तळमजल्यावरचे गृहस्थ ताठ बसले.

"ते सगळं ठीक आहे," नंदकिशोर म्हणाले. "पण पावसाचं पाणी आत येतं, काच बसत नाही, भूमितीच्या मास्तरांनी प्रयत्न करूनही बसत नाही. जहाज असलं तरी भोक ते भोकच ना? सहदेव, बघून घ्या किती विटा लागतील ते."

सहदेव उठले. खिडकीपाशी गेले, कडेवरून हात फिरवला. मग थापीच्या टोकाने कडेचा रंग खरवडायला लागले. पिवळा गेला, खालचा हिरवा गेला, त्याखालचा पांढरा गेला आणि काळं लोखंड दिसलं. म्हातारा हसायला लागला.

"हेका गोल कोणी म्हटल्यान?" ते म्हणाले. "मास्तरांनू, ही गाडयेची धाव आसा."

"कसली?" जयंतीने विचारलं.

"बैलगाडयेच्या चाकाची लोखंडी धाव गो! तेवा मी सतरा वर्साचो हुतंय. माझो बापूस हय गवंडी हुतो. नकाशात चौकोन हुतो. एक दिस सायब इलो आनी म्हणालो, गोल करा. कागदार गोल काढून दिल्यान आनी गेलो. पण तसो साचो करूचो कसो, ता कोणाक ठावक? मगे बापाशीन काय केल्यान, वाळू आणणाऱ्या छकड्यांच्यो धावो काढल्यान आनी बसयल्यान भिंतीत. तीन खिडक्यो, तीन धावो. गाडीवालो म्हयनाभर शिव्या घालीत हुतो."

"पण वाकडी कशी?" माझ्या तोंडून निघालं. हे विचारायला मला बरंच धैर्य लागलं.

"रस्त्यार चलान चलान धाव चेपता, मास्तर. ती गोल खयसून रवतली?"

जहाजातून एकदम बैलगाडीत उतरलेल्या माणसांना जरा वेळ लागतो. मी जयंतीकडे बघितलं. तिचं एवढं भाषण वाया गेलं म्हणून मला वाईट वाटलं. तर ती वहीत भराभरा लिहीत होती आणि तिचे डोळे चमकत होते. "सर," ती म्हणाली, "हे जहाजापेक्षा भारी आहे यार!" मग जीभ चावली. शाळेत असती तर मी बाकावर उभं केलं असतं, पण त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. सेहेचाळीस वर्षं ज्याला मी सूर्याचा तिरपेपणा समजत होतो, तो कुठल्या तरी बैलांचा रस्ता होता.

"बुजवूची तर दुसरो गवंडी बघा," सहदेव थापी पिशवीत टाकत म्हणाले. "माझ्या बापाशीचा काम आसा ह्या. माझ्या हातान नाय."

नंदकिशोर क्षणभर गडबडले. पण सेक्रेटरी माणूस, विषयपत्रिका सोडत नाही. "भावना समजू शकतो. तरीही मतदान घ्यावं लागेल. विटा लावण्याच्या बाजूने माझं पहिलं मत."

"तुमचं कुठलं मत?" वनमालाबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या. बाळ त्यांच्या मांडीवर होतं, आवाज मात्र खणखणीत. "जागा माझ्या बाबांची. शेअर सर्टिफिकेटवर नाव माझं. सभासद मी. तुम्ही नऊ वर्षं नुसत्या सह्या करताय."

कोणीतरी नियमांचं पुस्तक मागवलं. ते गरज नसताना वाचण्यात आलं. बाई बरोबर होत्या.

"अगं, पण..." नंदकिशोर म्हणाले.

"पण काय? लावा विटा. उद्यापासून आठ वाजता पिल्लूला तुमच्या ट्यूबलाइटखाली झोपवते. रोज भावजी बिचारे बनियनवर येऊन बोर्ड काढतात, तेव्हा कुठे पोरीला ऊन मिळतं. शकूलाही मी इथेच निजवली होती, विसरलात?"

नंदकिशोर विसरले नव्हते. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग फरशीवरच्या उजेडाकडे, मग माझ्याकडे. "रोज?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी नोटीस खिशात घातली आणि विषय क्रमांक एक मागे घेतला. विषय क्रमांक दोन चहा होता.

त्याच दुपारी मी स्वतः स्टूल लावलं, आणि सुहासिनी वर्तमानपत्र घेऊन त्यावर चढली. मी स्टूल धरलं. तिने चार पानं खळीने जोडली होती. खिडकीला लावून, कडेने नखाने दाबत दाबत तिने घडी उमटवली, मग कात्रीने कापलं. दहा मिनिटं. मध्ये एकदा खाली बघून म्हणाली, "आकार नसतो म्हणे." मी स्टूल आणखी घट्ट धरलं. दुकानात शिवदासशेठनी कागद उलटापालटा केला, आडवा धरला, उभा धरला.

"हा काय आहे मास्तर?"

"वर्तुळ नाही एवढं नक्की," मी म्हणालो. या वेळी सही केली नाही.

मंगळवारी काच बसली. सहदेवांनी येऊन पुटी लावली आणि मजुरी म्हणून सुहासिनीच्या हातचे दोन बेसनाचे लाडू आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काचेचा काळा रंग खरवडायचं काम मागून घेतलं. तो ठराव पंधरा वर्षांत मंजूर झाला नव्हता, नंदकिशोरांनी उभ्या उभ्या मंजूर केला. नियमित करायचा फॉर्म जयंतीने भरून, सही करून दिला. लांबी सदतीस, रुंदी साडेपस्तीस. तो जानेवारीत परत आला. त्या भल्या बाबूंनी 'आकार' असा एक नवीन रकाना हातानेच आखला होता आणि त्यात लिहिलं होतं: अंदाजे गोल. खाली शिक्का, मंजूर. मी तो कागद भूमितीच्या पुस्तकात ठेवला आहे, वर्तुळाच्या धड्यात.

पण ते पुढचं. काच बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला बेल वाजली. बोर्ड काढायचा नव्हता, तरी सवयीने मी बनियनवर बाहेर आलो. दारात वनमालाबाई नव्हत्या. अर्ध्या गालाला साबण लावलेले नंदकिशोर होते, हातात दुपटं आणि दुपट्यात नात. त्यांनी तिला फार जपून उजेडात ठेवलं. पोरीने उन्हाकडे बघून डोळे बारीक केले आणि एक मोठी जांभई दिली.

"तुमचे आप्पा काहीतरी काढायचे ना इथे?" नंदकिशोर म्हणाले. "शकूच्या वेळी काढलं होतं."

बनियनला खिसा नसतो. मी आत जाऊन शाळेच्या कोटातला खडू आणला आणि वाकलो. कंपास कोपऱ्यात उभा होता, अजून शाळेत परत द्यायचा होता. तो मी घेतला नाही. उजेडाच्या कडेकडेने, जिथे धाव चेपली होती तिथे हात आत घेत, मी हळूहळू रेघ ओढू लागलो. गुडघे दुखत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

"मास्तर, वाकडं येतंय," नंदकिशोर म्हणाले.

"बरोबर येतंय," मी म्हणालो, आणि पुरं करून खाली तारीख टाकली.